जुने टर्नटेबल लावताना : गोव्यातील नवख्यांसाठी मार्गदर्शन

गोव्यात ज्या घरांतील माणसे बोटीवर, आफ्रिकेत किंवा आखातात नोकरीला होती, त्या घरांच्या माडीवर आजही रेकॉर्डांची एखादी चवड आणि तिच्याशेजारी कापडाखाली झाकलेले यंत्र पुष्कळदा सापडते. अलीकडे तरुण मंडळी अशी यंत्रे पुन्हा चालू करू पाहतात, किंवा मुंबईहून एखादे नामांकित जुने टर्नटेबल विकत आणतात, आणि ही मनापासून आनंदाची गोष्ट आहे. मात्र यंत्र घरी आल्यावर बहुतेकजण पहिला खर्च महागड्या कार्ट्रिजवर, म्हणजे सुईची कंपने विजेत बदलणाऱ्या छोट्या डबीवर, करतात आणि तिथेच चुकतात. जुने यंत्र लावण्याला एक क्रम आहे: आधी जागा, मग वीज आणि गती, मग बेअरिंग आणि चाके, त्यानंतर टोनआर्म, म्हणजे सुई पेलणारी दांडी, आणि सर्वांत शेवटी सुई. तंबोऱ्याची खुंटी घसरत असताना जवारी काढत बसण्यात जसा अर्थ नसतो, तसा रेकॉर्ड जिच्यावर फिरते त्या थाळीची गती डळमळत असताना सुईचे कोन साधण्यात अर्थ नसतो.

यंत्र कोणते घ्यावे

मोटरची गती थाळीपर्यंत कशी पोहोचते, यावरून या यंत्रांचे तीन प्रकार पडतात. गॅरार्ड 301, गॅरार्ड 401 आणि थोरेन्स टीडी 124 या यंत्रांत रबरी कडा असलेले आयडलर चाक थाळीच्या आतल्या कडेला घासून तिला फिरवते. थोरेन्स टीडी 150, टीडी 160 किंवा लिन सोंडेक एलपी 12 या यंत्रांत रबरी पट्टा हे काम करतो आणि थाळी-टोनआर्मचा भाग स्प्रिंगांवर तरंगतो. तिसऱ्या प्रकारात मोटर हीच थाळीची धुरी असते. 1970 मध्ये आलेले टेक्निक्सचे एसपी-10 हे या जातीचे पहिले यंत्र.

तुमच्या घरात कोणत्या रेकॉर्डी आहेत, हे पाहून निवड करावी, असे माझे मत आहे. आजोबांच्या वेळच्या लाखेच्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या असतील, तर त्या गतीची सोय असलेले गॅरार्ड किंवा टीडी 124 शोधावे, कारण टेक्निक्सच्या सुप्रसिद्ध एसएल-1200 एमके2 वर 78ची गतीच नाही. फक्त एलपी, म्हणजे मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या विनाइलच्या रेकॉर्डी, ऐकायच्या असतील आणि दुरुस्तीचा हात बसलेला नसेल, तर क्वार्ट्झने गती धरून ठेवणारे तेच टेक्निक्स नवख्यासाठी सर्वांत सुखाचे. स्प्रिंगांवरचे यंत्र गोड वाजते, पण माडीच्या लाकडी जमिनीवर ते प्रत्येक पावलाला डोलते आणि सुई उडते.

विकत घेताना यंत्र चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. वीज न लावता थाळी हाताने फिरवून सोडावी. आयडलर सुटलेला असताना ती बराच वेळ निःशब्द फिरत राहिली पाहिजे. खरखर ऐकू आली, थाळी चटकन थांबली किंवा कडेला धरून हलवल्यावर ती डुगडुगली, तर बेअरिंग झिजले आहे असे समजावे. रंग उडालेला, लाकूड खराब झालेले चालेल. ते सुधारता येते. वाकलेली धुरी मात्र सुधारत नाही.

जागा आणि पाणसळ

आपल्याकडच्या जुन्या घरांत एक मोठी सोय आहे, ती म्हणजे जाड चिऱ्याची भिंत. माडीवर यंत्र ठेवायचे असेल, तर जमिनीवर टेबल न ठेवता भिंतीला फळी बसवावी, म्हणजे पावलांचे धक्के पोहोचत नाहीत. चिरा मऊ आणि सच्छिद्र असल्याने त्यात नेहमीचा प्लास्टिकचा प्लग हळूहळू सैल होतो. म्हणून लांब बोल्ट सिमेंटात बसवून घ्यावेत आणि ब्रॅकेट निदान आठवडाभर सुकू द्यावेत. फळीवर स्वयंपाकघराच्या ओट्याचा उरलेला कडप्पा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा ठेवला, तर यंत्राला हवे ते वजन खाली मिळते.

त्यानंतर पाणसळ. ती फळीवर न ठेवता थाळीवरच ठेवावी, दोन दिशांनी पाहावे आणि यंत्राचे पाय फिरवून बुडबुडा मधोमध आणावा. टीडी 124 च्या अंगातच छोटी पाणसळ बसवलेली असते. तरीही साठ वर्षांनंतर तिच्यावर डोळे झाकून विसंबू नये, स्वतंत्र पाणसळीने एकदा ताडून घ्यावे. कललेल्या थाळीवर धुरी एका बाजूने झिजते आणि टोनआर्म उताराकडे सरकू पाहतो, म्हणून हे काम घाईचे नाही.

वीज आणि गती

या टप्प्यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण परदेशातून आलेल्या यंत्रांबाबत सर्वाधिक फसगत इथेच होते. आपल्याकडची वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची), अमेरिकेची 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झची, तर जपानची 100 व्होल्टची असून तिथे अर्ध्या देशात 50 आणि अर्ध्या देशात 60 हर्ट्झ चालते. व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. गॅरार्ड, टीडी 124 किंवा टीडी 150 सारख्या यंत्रांच्या मोटरची गती मात्र मुख्यतः हर्ट्झवर ठरते.

माझे टीडी 124 मी मुंबईतील एका विक्रेत्याकडून घेतले. यंत्र मुळात अमेरिकेतून आलेले होते, त्याने सोबत ट्रान्सफॉर्मर दिला आणि आणखी काही करण्याची गरज नाही, असे ठामपणे सांगितले. म्हार्दोळला घरी आणून पहिली ख्यालाची रेकॉर्ड लावली, तेव्हा आवाज भारी, आळसावलेला आणि ओळखीचा असूनही अनोळखी वाटला. जी गायिका काळी चारमध्ये गाते हे मला पक्के ठाऊक होते, तिचा षड्ज पेटीवर पांढरी चारपर्यंतही पोहोचत नव्हता. हिशेब सोपा होता: 60 हर्ट्झसाठी कातलेली मोटरची पुली 50 हर्ट्झवर सहातील पाच भागच गती देते, म्हणजे 33⅓ ऐवजी मिनिटाला सुमारे 27.8 फेरे, आणि सूर तीन अर्ध्या स्वरांहून थोडा जास्त उतरतो. टीडी 124 ची गती बारीक कमीजास्त करणारी मूठ फक्त तीन टक्क्यांपर्यंत पोहोचते. सतरा टक्क्यांची तूट ती भरून काढू शकत नाही. मोटरची 50 हर्ट्झची पुली बसवल्यावरच षड्ज जागेवर आला. ही पुली जवळच्या लेथवर करून घेण्याचा मोह टाळावा, कारण तिचे मध्यबिंदूपासूनचे किंचितसे विचलनही सुरात कंप म्हणून ऐकू येते. नेमकी कातलेली पुलीच मागवावी.

पुली योग्य असल्यावर गती मोजण्याची जुनी आणि विश्वासार्ह पद्धत म्हणजे पट्ट्यांची तबकडी, अर्थात स्ट्रोब. 50 हर्ट्झच्या विजेवरचा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, आणि 33⅓ फेऱ्यांसाठी तबकडीवर 180 पट्टे असले की ते त्या प्रकाशात स्थिर दिसतात. अमेरिकी तबकडीवर 216 पट्टे असतात, ती इथे चालणार नाही. हल्लीचे बरेचसे एलईडी दिवे लुकलुकतच नाहीत, म्हणून निऑन दिवा वापरावा. पट्टे फिरण्याच्या दिशेने सरकत असतील तर गती जास्त, उलटे सरकत असतील तर कमी. सेकंदाला एक पट्टा सरकला, तर गतीत एक टक्का चूक आहे. मिनिटाला सहा पट्टे सरकले, तर चूक दशांश टक्क्याची.

दशांश टक्क्याच्या खाली जाण्याचा हट्ट करू नये, असे मी आग्रहाने सांगतो, कारण आपल्या विजेचे हर्ट्झच साधारण 49.90 ते 50.05 च्या दरम्यान हलत असतात. एक टक्का चूक मात्र सोडू नये. ती सुमारे सतरा सेंटची, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सुमारे सहाव्या भागाची चूक असते, आणि ज्याचे कान भजन-नाट्यगीतांवर तयार झाले आहेत त्याला ती खटकते.

गती सरासरीने बरोबर असूनही आतून डळमळत असेल, तर ते पट्ट्यांवर दिसत नाही. त्यासाठी आपल्याकडे उत्तम साधन आहे: ज्या रेकॉर्डीच्या सुरुवातीला तंबोरा मोकळा ऐकू येतो, अशी एखादी ख्यालाची रेकॉर्ड. खर्जाच्या तारेचा ठोका पडल्यावर त्याची आस लांबते. ती आस सरळ विरत गेली तर यंत्र निरोगी, ती प्रत्येक फेऱ्याला हेलकावली तर थाळी, चाक किंवा रेकॉर्डीचे मधले भोक यांत दोष आहे. भोक मध्यावर नसेल, तर टोनआर्म डावी-उजवीकडे झुलताना डोळ्यांनाही दिसतो. मग दोष यंत्राला देऊ नये.

टीडी 124 वर 16⅔ फेऱ्यांचीही गती आहे. फोंडा तालुक्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात गेली, ती सोनेरी तबकडी याच गतीसाठी कोरलेली आहे, हे आठवले की ती सहसा न वापरली जाणारी खूणही मला जवळची वाटते.

बेअरिंग, चाके आणि जुन्या तारा

यंत्र उघडण्यापूर्वी प्लग काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. जुन्या यंत्रांच्या तारांचे रबरी आवरण ठिसूळ होऊन गळते, आणि बटणापाशी ठिणगी विझवण्यासाठी लावलेला कपॅसिटर वयामुळे निकामी होतो. तारा व कपॅसिटर बदलण्याचे आणि धातूच्या सांगाड्याला अर्थिंग जोडण्याचे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे.

थाळी सरळ वर उचलून बाजूला ठेवावी. बेअरिंगच्या विहिरीतील जुने तेल पुसून काढावे. त्या तेलात पितळी चमक दिसली, तर झीज झालेली आहे. धुरी मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने स्वच्छ करावी आणि निर्मात्याने सांगितलेल्या जाडीचे, साफ करणारी रसायने न मिसळलेले यंत्रतेल थेंबाथेंबाने घालावे. खोबरेल कधीही घालू नये. आपल्या घरात ते हाताशी असते आणि चटकन काम झाल्यासारखे वाटते, पण ते पुढे चिकट होऊन धुरी धरते. नवे तेल घातल्यावर थाळी आपल्या वजनाने सावकाश, हवा बाहेर टाकत खाली बसते. ती बसायला वेळ घेते आहे, हे पाहण्यात वेगळेच समाधान असते, कारण धुरी आणि बेअरिंगची भिंत यांच्यातील अंतर अजून शाबूत आहे, याची ती खूण असते.

आयडलरची रबरी कड आणि पुली आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि त्यानंतर त्यांना बोटे लावू नयेत. यंत्र बंद करताना गतीची मूठ नेहमी शून्यावर आणावी. मी एकदा जुलैत तीन आठवडे पुण्याला गेलो, तेव्हा ती 33 वरच राहिली होती. परतल्यावर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थडथड असा बारीक आवाज येऊ लागला, कारण दाबाखाली राहिलेल्या रबरावर चपटा डाग पडला होता. नवे चाक घ्यावे लागले.

टोनआर्म आणि सुई

टोनआर्म आणि कार्ट्रिज यांची जोडी जमली पाहिजे. जड आर्मला ताठ सुई आणि हलक्या आर्मला लवचीक सुई, हा ढोबळ नियम. दोहोंच्या मिळून होणाऱ्या कंपनाची जागा 8 ते 12 हर्ट्झच्या दरम्यान असावी, म्हणजे ते रेकॉर्डीच्या वाकडेपणातही सापडत नाही आणि संगीतातही मिसळत नाही. डेनॉन डीएल-103 हे ताठ सुईचे कार्ट्रिज आहे, ते जड आर्मवर शोभते. एसएमई 3009 या टोनआर्मच्या हलक्या आवृत्तीवर ते अवघडते. टीडी 124 ची मूळ थाळी ओतीव लोखंडाची असल्याने प्रबळ चुंबकाच्या कार्ट्रिजला ती खाली ओढते, हेही निवडताना लक्षात ठेवावे. पन्नास वर्षे डबीत पडलेले कोरे कार्ट्रिज मिळाले, तरी हुरळून जाऊ नये. सुईला धरणारे रबर न वापरताही कडक होते.

सुईचा भार मोजायला सोनाराच्या काट्यासारखा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा डिजिटल काटा हवा, आणि त्याचे पारडे लोखंडी नसावे, नाहीतर चुंबकामुळे आकडा खोटा येतो. मोजताना सुई रेकॉर्डीच्याच उंचीवर असावी. निर्मात्याने जो भार सांगितला असेल, त्याच्या मधल्या किंवा किंचित वरच्या आकड्यावर ठेवावा. डीएल-103 साठी तो 2.5 ग्रॅम आहे. भार कमी ठेवला की रेकॉर्ड वाचते, ही समजूत चुकीची आहे. हलकी सुई खोबणीत उड्या मारते आणि भिंतींना अधिक इजा करते.

मग कार्ट्रिजची दिशा. कागदावर छापलेला कोनमापक वापरणार असाल, तर छापल्यावर त्यावरील मोजपट्टी खऱ्या मोजपट्टीने ताडून पाहावी, कारण प्रिंटर पुष्कळदा आकार बदलतो. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या रचनेत धुरीच्या मध्यापासून 66.0 आणि 120.9 मिलिमीटरवर दोन बिंदू असतात; त्या दोन्ही ठिकाणी कार्ट्रिज रेषांना समांतर आले पाहिजे. एका बिंदूवर जमते आणि दुसऱ्यावर सुटते, असे अनेकदा होते. तेव्हा कार्ट्रिज अर्धा मिलिमीटर पुढे-मागे सरकवून पुन्हा दोन्हीकडे पाहावे. या कामाला पहिल्या वेळी दोन तास लागतात. एवढा वेळ हाताशी ठेवून, सकाळच्या उजेडात बसावे. छोट्या आरशावर सुई टेकवून समोरून पाहिले की ती प्रतिबिंबाशी सरळ रेषेत आहे की कललेली, हे लगेच कळते.

आर्मची मागची उंची मात्र कानाने ठरवावी. आधी आर्म रेकॉर्डीला समांतर ठेवावा आणि ओळखीचे गाणे ऐकावे. ‘स’, ‘श’ टोचत असतील तर मागची बाजू थोडी खाली आणावी, तबल्याची चाट बोथट वाटत असेल तर थोडी वर न्यावी. जवारीचा दोरा जितका सरकवतो तितकेच, म्हणजे केसभर, सरकवावे आणि प्रत्येक बदलानंतर भार पुन्हा मोजावा.

लाखेच्या तबकड्यांसाठी एलपीची सुई चालत नाही. ती रुंद खोबणीच्या तळाशी घासते. त्यांना तीन-चार पट रुंद टोकाची वेगळी सुई लागते. स्वतंत्र हेडशेलवर, म्हणजे आर्मच्या टोकाला लागणाऱ्या कार्ट्रिजच्या पट्टीवर, ती बसवून ठेवली, की बदलणे सोपे जाते.

जोडणीबद्दल थोडक्यात: टर्नटेबलला फोनो प्रीअॅम्प्लिफायर, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारे उपकरण, हवाच, एमएम (सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजसाठी त्याचा इनपुट रोध 47 किलोओहमचा असावा, आणि घुमल्यासारखा आवाज आला तर आर्मची पातळ अर्थ वायर प्रीअॅम्प्लिफायरला नीट जोडली आहे का, हे आधी पाहावे.

पावसाळा

गोव्यात यंत्राचा खरा शत्रू जून ते सप्टेंबरची दमट, खारी हवा आहे. खोलीत आर्द्रतामापक लावावा आणि शक्य असेल तर 45 ते 55 टक्क्यांवर हवा ठेवावी. सगळ्या घरात ते जमत नाही, पण यंत्र आणि रेकॉर्डी एका छोट्या, दार बंद होणाऱ्या खोलीत ठेवल्या तर साध्या डिह्युमिडिफायरने जमते. तो नसेल, तर झाकणाखाली सिलिका जेलची पुरचुंडी ठेवावी आणि ती दर आठवड्याला बदलावी. प्लास्टिकच्या झाकणाखाली काहीच न ठेवता यंत्र महिनोन्महिने बंद ठेवणे सर्वांत वाईट, कारण आत दमटपणा कोंडतो. पावसाळ्यात आठवड्यातून निदान एकदा यंत्र अर्धा तास चालवावे. हेडशेलचे आणि तारांचे जोड खाऱ्या हवेने काळवंडतात. आवाज एका बाजूने जाऊ लागला, तर कार्ट्रिजवर संशय घेण्याआधी ते जोड पुसून पाहावेत.

रेकॉर्डी उभ्या, एकमेकींना टेकून पण घट्ट न दाबता ठेवाव्यात, आणि चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीपासून निदान वीतभर दूर, कारण ती भिंत पावसाळ्यात ओल धरते. कागदी आतल्या पिशव्यांवर बुरशी आधी येते. त्या बदलून टाकाव्यात. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले, तर ती रेकॉर्ड इतरांपासून वेगळी करावी आणि डिस्टिल्ड पाण्यात साबणाचा एखादा थेंब घालून खोबणीच्या दिशेने धुवावी, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा. विनाइलसाठी त्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. लाखेच्या तबकडीला मात्र अल्कोहोल लावले तर लाख विरघळते, आणि ती तबकडी कायमची जाते.

मे महिन्यातील गडगडाटाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात प्लग काढून ठेवावा. वीज गेल्यावर यंत्र साध्या इन्व्हर्टरवर चालवू नये. त्याच्या चौकोनी लहरीमुळे जुन्या मोटरा तापतात आणि गुणगुणतात. शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर असेल तर हरकत नाही.

चतुर्थी झाली आणि हवा कोरडी होऊ लागली, की एक सकाळ राखून ठेवावी. पावसात फुगलेले लाकूड आता आकसते, म्हणून थाळीवर पाणसळ पुन्हा ठेवावी, मग स्ट्रोबने गती पाहावी, बेअरिंगमधील तेलाची पातळी तपासावी आणि सुईचा भार काट्यावर मोजावा. जूनमध्ये लिहून ठेवलेले आकडे शेजारी असतील, तर काय हलले आहे हे पाच मिनिटांत कळते. म्हणून ते आकडे यंत्राखालच्या फळीवर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवावेत.